बिजली मोटार आणि अब्बांची पकड

माझे वडील जमशेदखान हे चुकीने मेले की कोणाच्या इच्छेने मेले, या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. शोधले नाही असे नाही. सापडले नाही, आणि सापडेपर्यंत थांबायला आता सवड नाही, म्हणून हा कागद उत्तराशिवायच लिहीत आहे.

मी लतीफा, जमशेदखान यांची एकुलती मुलगी, वय चोवीस, अविवाहित, नागपूर विद्यापीठाची बी.ए., राहणार वाशीम, जिल्हा अकोला, वऱ्हाड, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. अंगात ताप नाही. मी हे कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहीत नाही. घरातल्या सगळ्यांची नाराजी घेऊनच लिहीत आहे. या वयात मृत्युपत्र कशाला, असे अम्मीने विचारले. उद्यापासून मी मोटार चालवणार आहे, एवढेच त्याचे कारण.

कागद मराठीत आहे, कारण मी मराठी शाळेत शिकले आणि यातला प्रत्येक शब्द मला स्वतःला कळला पाहिजे. वकीलसाहेब इंग्रजीत मसुदा करून देतो म्हणाले होते. ते रविवारी माझ्या चाचांबरोबर पत्ते खेळतात. म्हणून मसुदा घरीच केला. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. सही नसलेले पान माझे समजू नये. जिथे शब्द खोडला आहे तिथे बाजूला माझ्या नावाचे पहिले अक्षर आहे. तसे नसेल तर तो दुसऱ्या कोणी खोडला आहे.

कलम पहिले : वारस

माझ्यामागे वारस दोन. माझी आई मेहरबी आणि माझे चाचा गफ्फारखान, म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ.

आमच्या मुसलमानी कायद्याने मला माझ्या मालमत्तेच्या फक्त एक तृतीयांशाबद्दल इच्छा लिहिता येते. बाकीचे मी काहीही लिहिले तरी वारसांकडे जाते, आणि त्याचे तीन वाटे केले तर एक अम्मीचा, दोन चाचांचे. मी मेले तर सर्वांत जास्त चाचांना मिळते.

अब्बा गेले तेव्हाही त्यांना मिळाले होते. अब्बांना मुलगा असता तर चाचांच्या हाती काही आले नसते. मी मुलगी, म्हणून अर्धे मला, थोडे अम्मीला आणि उरलेले चाचांना. वाटणीत शोरूम आणि बिजली मोटार माझ्याकडे आली, मागचा वर्कशॉप चाचांकडे गेला. मी तेव्हा शाळेत होते. काझीसाहेबांनी मला हा हिशेब बोटांच्या पेरांवर समजावून सांगितला. त्यांच्या मनात काही नसावे. माझ्या मनात मात्र त्या दिवसापासून आहे.

यातून सुटायचा एक रस्ता कायद्यातच आहे. त्याला हिबा म्हणतात. जिवंतपणी वस्तू देऊन टाकायची. हिब्याला कागद लागत नाही, ताबा लागतो. ज्याला दिली त्याच्या हातात ती खरोखर गेली आणि त्याने घेतली की हिबा पुरा होतो, मग ती वस्तू देणाऱ्याच्या वाटणीत येत नाही. शोरूम आणि गाडी दोन्ही अशीच देऊन टाकायची आणि चाचांसाठी काडीही मागे ठेवायची नाही, असे माझे ठरले होते. ते मी का केले नाही, ते शेवटच्या कलमात आहे. आधीची कलमे वाचल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

कलम दुसरे : शोरूम

रस्त्यावरची तीन खणांची इमारत, जिच्यावर ‘जमशेद मोटार कंपनी’ असे लिहिलेले आहे. तिचा उत्तरेकडचा एक खण, म्हणजे बरोबर एक तृतीयांश, मी मुलींच्या वाचनवर्गासाठी देते. तो वर्ग सरकारी कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका गोमतीबाई चालवतील. त्यात कोणत्याही जातीधर्माची मुलगी येईल, आणि ‘तुझे लग्न ठरले का’ हा प्रश्न तिला तिथे कोणी विचारणार नाही. हे वाक्य दारावर लावले तरी चालेल.

ही इमारत कशी उभी राहिली ते इथे लिहून ठेवते, कारण गावात वेगवेगळे ऐकू येते.

माझे आजोबा नालबंद होते. वाशीमच्या बाजारात बसून घोड्यांना, बैलांना नाल ठोकायचे. त्यांचा एक नियम होता. घोड्याच्या नालेचा शेवटचा खिळा ते स्वतः ठोकत नसत. हातोडी घोडेस्वाराच्या हातात देत. ज्याला त्या घोड्यावर बसायचे आहे त्याने शेवटचा खिळा आपल्या हाताने ठोकायचा. मग वाटेत नाल निघाली तर कोणी कोणाला बोल लावायचा नाही. मोठमोठे जमीनदार धुळीत बसून खिळा ठोकताना अब्बांनी लहानपणी पाहिले होते आणि ते सांगताना अब्बा फार हसत.

अब्बांचे मन घोड्यांत रमले नाही. ते मुंबईला जाऊन मोटारदुरुस्ती शिकून आले, एक जुनी गाडी आणली आणि ती विकण्यासाठी पोहरादेवीच्या यात्रेत नेली. तिथे लोक गाडीला नारळ फोडू लागले, विकत मात्र कोणी घेईना. तेव्हा अब्बांनी जाहीर केले, की जऊळक्याच्या स्टेशनावरून आगगाडी सुटली की मी मोटार सोडणार, आणि वाशीमला तिच्या आधी पोचणार. ते पोचले. त्या पावसाळ्याआधी अब्बांनी चार जमीनदारांना मोटारी विकल्या, आणि पहिला खण बांधला. दुसरा आणि तिसरा खणही असेच शर्यतींवर उभे राहिले. अकोला, अमरावती, नागपूर, जिथे जिथे अब्बा पहिले आले, तिथे तिथे महिन्याभरात त्यांची एक गाडी खपत असे. गाडी विकायची असेल तर आधी ती पळताना दिसली पाहिजे, असे ते म्हणत.

बोलणे, हसणे, हार घेणे अब्बांकडे होते. गाडीच्या खाली जाणे चाचांकडे. हा त्यांचा धंदा होता.

कलम तिसरे : चांदीचा कप

आगगाडीवरच्या विजयाचा कप शोरूमच्या कपाटात आहे. तो कोणी दिला असे कपावर लिहिलेले नाही. तो अब्बांनी स्वतःच नागपूरहून करवून आणला होता, असा माझा संशय आहे. त्या दिवशी गाडी जऊळक्याहून वेळेवर सुटली होती का, असे मी तिथल्या जुन्या स्टेशनमास्तरांना विचारले. ते म्हणाले, “बाई, तुझा बाप लय गोड माणूस होता,” आणि चहा मागवला. एवढ्या उत्तरावर मला कप शाळेला देता येत नाही. मुलींना खोटे बक्षीस दाखवू नये. तो अम्मीकडे राहावा. तिला तो खरा वाटतो, आणि तिच्या वाट्याबाहेर जाईल एवढी त्याची किंमत नाही.

कलम चौथे : कोणाला काय देऊ नये

उकंडराव देशमुख यांना बिजली कोणत्याही किमतीला विकू नये. ते तीनदा मागून गेले आहेत. शर्यतीत ते नेहमी अब्बांच्या मागे राहिले. अब्बा गेल्यावर अब्बांची गाडी आपल्या वाड्यात उभी करावी, असे त्यांच्या मनात आहे. शेवटच्या शर्यतीत अब्बांच्या गळ्यात हार घालणारी माणसे त्यांचीच होती. याचा अर्थ काय, ते मी लिहीत नाही. फक्त गाडी देऊ नये.

फय्याज हा चाचांचा मुलगा. त्याच्याशी माझे लग्न व्हावे, असा निरोप चाचांकडून अम्मीकडे आला होता. म्हणजे दोन्ही हिस्से पुन्हा एका छपराखाली. मी नाही म्हटले. फय्याजने मला स्वतः कधीच विचारले नाही. विचारले असते तरी मी नाहीच म्हटले असते, पण विचारायला हवे होते. माझी पुस्तके गोमतीबाईंच्या वर्गाला द्यावीत. त्यातला जगाचा मोठा नकाशा मात्र फय्याजला द्यावा. तो लहानपणी त्याच्यापुढे तासन्‌तास उभा राहायचा.

कलम पाचवे : बिजली

लाल रंगाची, लांब नाकाची गाडी. सांगाडा विलायती, वरचे अंग अब्बा आणि चाचांनी वर्कशॉपमध्ये केलेले. ती माझी आहे. मागे आम्ही नवीन बाक बसवला आहे, एक बाई आडवी होऊ शकेल असा.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतली अख्तरी अडली. अकोल्याच्या दवाखान्यात न्यायला लॉरी मिळाली, पण लॉरीवाला परका पुरुष, म्हणून तिच्या सासूने तासभर कोणाला हात लावू दिला नाही. लॉरी मेडशीपर्यंतही पोचली नाही, वाटेतच अख्तरी गेली. अख्तरी माझ्याबरोबर दुसरीपर्यंत शिकली होती. त्यानंतर मी चाचांकडे जाऊन मोटार शिकायची आहे म्हणाले. ज्या माणसावर मी इतकी वर्षे संशय घेतला त्याच्याकडेच शिकायला गेले, कारण वाशीममध्ये दुसरे शिकवणारे कोणी नव्हते. आता माझ्याकडे परवाना आहे, कुपनावरचे पेट्रोल आहे, आणि उद्या सोमवारी पहिली बाई माझ्या गाडीत बसणार आहे. ती सातव्या महिन्यात आहे आणि तिच्या पायांना सूज आहे.

आता अब्बांच्या मृत्यूबद्दल. हे ज्याला माहीत नाही त्याला पुढचे कलम कळणार नाही.

या गाडीचा ब्रेक पायाने दाबला की एक लांब सळई ओढली जाते. ती सळई पायाच्या दांड्याला एका जाड खिळीने जोडलेली असते. खीळ निसटू नये म्हणून तिच्या टोकाला एक दुपायी पिन घालतात आणि पकडीने तिचे दोन्ही पाय बाहेर वाकवतात. पाय वाकवले की पिन जागची हलत नाही. सरळ राहिले तर रस्त्याच्या हादऱ्यांनी आधी पिन गळते, मग खीळ, आणि मग पायाखाली ब्रेक उरत नाही.

छत्तीस सालच्या थंडीत वाशीमहून अकोल्यापर्यंत शर्यत होती. आमच्या शोरूमसमोरून गाड्या सुटल्या. मी वरच्या खिडकीत होते. अब्बांनी पांढरा कोट घातला होता आणि गळ्यात इतके हार होते की त्यांची हनुवटी दिसत नव्हती. मेडशीच्या पुढे घाटाचा उतार लागतो. तिथे बिजली वळली नाही, सरळ गेली. गाडी झाडात अडकून राहिली. अब्बा बाहेर फेकले गेले.

पंचांनी गाडी पाहिली. सळई लोंबत होती. खीळ नव्हती, पिनही नव्हती, आणि भोक स्वच्छ होते. वाकवलेली पिन तुटली असती तर तिचा तुकडा त्यात राहिला असता. हातब्रेकचा पट्टा जळून काळा झाला होता, म्हणजे अब्बांनी तो शेवटपर्यंत ओढून धरला होता. पंचांनी चाचांना विचारले. चाचा म्हणाले, “माह्या हातून राह्यलं.” यापुढे ते एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

गावाने त्यांना गाफील म्हटले. मला तेवढे पुरेसे वाटले नाही. ज्या माणसाच्या हाताखालून वीस वर्षांत एकही सैल नट गेला नाही, त्याच्या हातून तेच कसे राहिले, आणि त्याच दिवशी कसे राहिले, ज्या दिवशी राहिल्याने त्याला वर्कशॉप मिळतो? अम्मीला मी हे बोलून दाखवले तेव्हा तिने मला पहिल्यांदा आणि शेवटचे मारले.

अब्बांच्या कपड्यांबरोबर त्यांच्या कोटाच्या खिशातून निघालेली पकड मला मिळाली. पांढऱ्या कोटाच्या खिशात पकड कशाला, याचा विचार तेव्हा मी केला नाही.

कलम सहावे : पकड

एक लोखंडी पकड, दांड्यांना काळे चामडे गुंडाळलेले, एका दांड्यावर ‘ज’ कोरलेला.

गाडी शिकत असताना एकदा चाचांनी ब्रेक खोलून पुन्हा जोडला. खीळ घातली, पिन घातली, आणि पाय न वाकवताच बाहेर आले. मी काहून म्हणून विचारले. चाचा म्हणाले, “जो चालवन त्यानंच पाय वाकवावं. भाईजानचा कायदा व्हय. मी पिन घालून देतो, वाकवाव तू.”

मी खाली गेले आणि अब्बांच्याच पकडीने पाय वाकवले.  आजोबांचा शेवटचा खिळा मला माहीत होता. अब्बांनी तोच नियम मोटारीला लावला असणार, हे मनाला पटत होते. पण मग त्या दिवशी पिनेचे पाय वाकवायचे काम अब्बांचे होते, चाचांचे नव्हते. मग “माह्या हातून राह्यलं” असे चाचा का म्हणाले?

की हा कायदा अब्बांचा नव्हताच, आणि चाचांनी तो नंतर स्वतःच्या बचावासाठी तयार केला? मी अम्मीला विचारले. ती म्हणाली, “मी वर्कशॉपमधी कधी पाय टाकला का?” ते खरे आहे. ती गोषातली बाई.

तेव्हाच्या कामगारांपैकी देवला आता इंझोरीला शेती करतो. पोहरादेवीला जाते असे घरी सांगून मी त्याच्याकडे गेले. आधी त्याने मला ओळखलेच नाही, मग त्याच्या बायकोने ओळखले. मी बसण्याआधीच विचारले.

“कायदा होता बाई,” देवला म्हणाला. “मालकाचाच होता. त्यायनं मले एकडाव थापड मारली होती, मी त्यायच्या गाडीच्या पिनेचे पाय वाकवले म्हून.”

“मंग त्या दिशी?”

“त्या दिशी मालकाच्या गयात हार होते, गुडघ्यापावतर. वरून पांढरा कोट. गाडीखाली जातीन कसे? मालकानं पकड गफ्फारभाईपुढं धरली. गफ्फारभाईनं हात मांगं घेतले.”

“काहून?”

“आता ते मले काय ठाव? कायदा म्हून घेतले असतीन. नाहीतर दोघायचं सकायपासून बोलनं बंद होतं, गफ्फारभाई म्हने शर्यत नोको, म्हून घेतले असतीन. मालक हासले. पकड कोटात टाकली अन् गाडीत बसले. मंग ढोल वाजले. मंग मले काही दिसलं नाही.”

चाचांना दिसले होते का, असे मी विचारले. देवला म्हणाला, की सगळे सुटायच्या झेंड्याकडे पाहत होते, चाचा कोणाकडे पाहत होते ते त्याने पाहिले नाही.

देवलाला यात काही मिळायचे नाही, म्हणून मी त्याचे खरे मानते. त्याला चाचांनी शिकवून ठेवले असेल का, हेही मी तपासले. शर्यतीनंतर दहा वर्षांत त्यांची भेट नाही. अब्बांच्या हयातीतच देवला एकदा भांडून गेला होता आणि शर्यतीपुरता परत आला होता, हे मी दोन माणसांकडून स्वतंत्रपणे विचारून घेतले आहे. शर्यतीनंतरही तो वाशीमला राहिला नाही.

इंझोरीहून परत येताना माझ्या मनाची अवस्था चांगली नव्हती. चाचांना सोडायचे तर अब्बांना धरावे लागत होते. हार चुरगळू नयेत म्हणून स्वतःचाच कायदा खिशात टाकून निघालेला माणूस, असे अब्बांना म्हणावे लागत होते. ते टाळायला मला चाचांचा गुन्हा इतकी वर्षे उपयोगी पडत होता. अम्मीचे म्हणणे असे, की मेलेल्या भावाला कोणी मूर्ख म्हणू नये म्हणून चाचांनी ते आपल्या अंगावर घेतले. तसे असेल. पण हात मागे घेतल्यानंतर, भाऊ तसाच गाडीत बसतो आहे हे दिसूनही चाचा गप्प राहिले असतील, तर त्याला काय म्हणायचे?

मी त्यांनाच विचारले. ते रॉकेलच्या डब्यात नट धूत होते.

“देवलानं सांगतलं का,” ते म्हणाले. मग म्हणाले, “भाईजान वाकतीन असं वाटलं मले.”

“नाही वाकले, हे तुमी पाह्यलं का?”

चाचांनी धुतलेला नट पुन्हा डब्यात टाकला आणि पुन्हा धुतला. हे मौन मी कबुली म्हणून नोंदवत नाही. नकार म्हणूनही नोंदवत नाही.

मी बरेच दिवस विचार केला. पिनेचे पाय मी रोज स्वतः वाकवीन, ते सोपे आहे. पण गाडीत हात मागे घ्यायला एकच जागा नाही. चाके आहेत, स्टिअरिंग आहे, टायर आहेत. चाचांनी जोडायचे आणि मी संशयाने पुन्हा उघडायचे, असे करीत राहिले तर गाडी घाटाखाली कधीच जाणार नाही, आणि बाया इथेच अडत राहतील. आणि मनात शंका ठेवून गाडी चालवली तर मागे बसलेल्या बाईला मी खोटे सांगते आहे, की ही गाडी ठीक आहे. एकतर चाचांवर विश्वास ठेवायचा, नाहीतर गाडी विकायची. विकत घ्यायला उकंडराव टपलेले आहेतच.

आज सकाळी बिजली वर्कशॉपच्या खड्ड्यावर उभी होती. चाचांनी खीळ घातली, पिन घातली आणि वर येऊन माझ्याकडे पाहत उभे राहिले, म्हणजे आता तुझी पाळी. मी अब्बांची पकड त्यांच्यापुढे धरली.

चाचांनी हात मागे घेतले. ते असे घेतले असतील, हे मला तेव्हा दिसले.

“कायदा हाय, पोरी.”

“मालूम हाय.”

“मंग मले कायले म्हनतं?”

“मी मेली तर तीनातले दोन वाटे तुमाले जातेत चाचा, हेबी तुमाले मालूम हाय. दिवस मावळायच्या आधी मी तसा कागद करून राह्यली. हिबा कराचा, तुमाले काही ठेवाचं नाही, असं माह्यं ठरलं होतं. मी नाही केला.”

चाचा म्हणाले, “तुले समजते का तू काय करून राह्यली?”

“समजते. तुमी वाकवा. मी पाह्यनार नाही.”

 मग पकड माझ्या हातातून गेली. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. बाजाराचा दिवस, बैलगाड्यांची रांग लागली होती, त्यामुळे मागे पकडीचा आवाज झाला की नाही ते सांगता येत नाही. चाचा वर आले तेव्हा त्यांनी संगं येऊ का म्हणून विचारले. मी नको म्हटले. ते शेजारी बसले असते तर तीही एक तपासणीच झाली असती.

मी गाडी काढली, मालेगावावरून मेडशीला गेले आणि पुढचा घाट उतरले. अब्बांचे वळण मला माहीत होते. तिथल्या झाडाची एक बाजू अजून सालीशिवाय आहे. वळणाच्या अलीकडे उतारावर मी ब्रेक दाबला. बिजली थांबली. मग मी पायथ्यापर्यंत गेले, गाडी वळवली आणि घरी आले.

यावरून चाचा त्या दिवशी निर्दोष होते असे सिद्ध होत नाही. आज पिनेचे पाय वाकवलेले होते, एवढेच सिद्ध होते, आणि तेही मी खाली वाकून पाहिलेले नाही. पाहणारही नाही. पहिल्या ओळीतला प्रश्न होता तिथेच आहे. तो मी कोणालाही वारशाने देत नाही. माझ्यामागे कोणी तो चाचांना विचारू नये.

चाचांचा कायद्याने होणारा वाटा कमी करण्यासाठी मी काहीही केलेले नाही. मी मोटारीत मेले, तर पंचांनी आधी रस्ता पाहावा, मग माझे चालवणे पाहावे, आणि गफ्फारखान यांना काही विचारायचे असेल तर हा कागद त्यांच्यापुढे वाचूनच विचारावे. बिजली त्यांच्या ताब्यात गेली तर अडलेल्या बायांसाठी चालत राहावी अशी माझी विनंती आहे. विनंतीच, कारण कायद्याने मला तिथे हुकूम करता येत नाही. चालवायला बाईच असावी. तिला चाचांनी शिकवावे.

या पानाच्या कोपऱ्यावर जो काळा अंगठा उठला आहे तो गफ्फारखान यांचा आहे. लिहिताना वाऱ्याने कागद उडत होता म्हणून त्यांनी तो धरला. वारसाने साक्ष घालू नये, हे मला माहीत आहे. तो डाग साक्ष समजू नये.

राहिली पकड. घाटावरून परत आले तेव्हा चाचा वर्कशॉपच्या दारातच उभे होते. मी उतरले तशी त्यांनी पकड मला परत द्यायला पुढे केली. मी हात मागे घेतले. त्यांनी ती आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. मी दिली आणि त्यांनी घेतली. हिबा पुरा झाला. ती पकड आता माझ्या मालमत्तेत धरू नये.

मुक्काम वाशीम
रविवार, ता. १७ फेब्रुवारी १९४६

(सही) लतीफा जमशेदखान

हा कागद लिहिणारीने आम्हा दोघांपुढे मोठ्याने वाचला, आम्हाला तो समजला, आणि तिने आमच्यादेखत सही केली.

साक्षीदार
१. (सही) गोमतीबाई, मुख्याध्यापिका, कन्याशाळा, वाशीम
२. देवला, राहणार इंझोरी; त्याच्या डाव्या हाताचा अंगठा. हा अंगठा साक्षीचा आहे.